चकाकीपेक्षा बर्नर पाहा

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डे असतो. त्या सुमारास मोठमोठ्या दुकानांच्या दारात गॅस ग्रिल ओळीने मांडलेले दिसतात. आरशासारखी झाकणं, चार-पाच बर्नर, बाजूला आणखी एक शेगडी. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावांतल्या मराठी घरांतही तेव्हाच जुना ग्रिल बदलायचा विषय निघतो. मुलं शिकायला बाहेर पडली की घरात माणसं उरतात दोन-तीन. भाजायचं काय, तर भरताची वांगी, मक्याची कणसं, पनीर, सुटीच्या दिवशी चिकन. एवढ्यासाठी पाच बर्नरचं धूड घेणं म्हणजे गॅस आणि पैसा दोन्ही वाया घालवणं.

दोन बर्नर आणि साडेतीनशे-चारशे चौरस इंचांची जाळी तिघांना भरपूर होते. खोक्यावर बीटीयूचा, म्हणजे बर्नरच्या उष्णतेचा, मोठा आकडा छापलेला असतो. त्याला जाळीच्या क्षेत्रफळाने भागून पाहावं. ३६० चौरस इंचांवर २६,५०० बीटीयू म्हणजे दर चौरस इंचाला साधारण ७४. झाकण जाड आणि घट्ट बसणारं असेल, तर तेवढी आच पुरते.

खरी परीक्षा धातूची.

'स्टेनलेस स्टील' या दोन शब्दांवर विसंबून राहू नये. ३०४ प्रतीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त ग्रिलमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या ४३० प्रतीत निकेल जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती लवकर गंजते. दुकानात जाताना खिशात छोटं लोहचुंबक न्यावं. ४३०ला ते घट्ट चिकटतं, ३०४ला सहसा चिकटत नाही. अन्न भाजलं जातं ती खालची पेटी ओतीव अॅल्युमिनियमची असेल तर उत्तमच, कारण अॅल्युमिनियमवर लोखंडासारखा तांबेरा चढत नाही.

टाकायला काढलेला ग्रिल एकदा उघडून पाहिला, तर पुढच्या खरेदीचे निम्मे धडे तिथेच मिळतात. जाळी उचलावी, खालच्या पट्ट्या काढाव्यात आणि बर्नरची नळी उजेडात धरावी. ज्या छिद्रांतून बारीक निळी ज्योत यायला हवी, ती गंजून एकमेकांत मिसळलेली असतात. म्हणूनच वांगं एका बाजूला करपतं आणि दुसऱ्या बाजूला कच्चं राहतं. कधी नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळंही सापडतं. त्याने हवा-गॅसचा मार्ग अडतो आणि ज्योत उलटी मागे येऊ शकते. हा धोका ग्रिलच्या माहितीपुस्तिकांतही दिलेला असतो.

बर्नर, त्यावरच्या पट्ट्या आणि जाळी हेच भाग आधी खराब होतात, मग ग्रिल कितीही महाग असो. त्यामुळे ते सुटे मिळतात का, याला सर्वाधिक वजन द्यायला हवं. वेबर कंपनीचा जेनेसिस १९८५मध्ये बाजारात आला. त्यात बर्नरवर उतरत्या पोलादी पट्ट्या बसवल्या होत्या. चरबी त्यांवर पडून जळते किंवा ओघळून जाते, बर्नरवर साचत नाही. त्या घराण्यातल्या अनेक जुन्या मॉडेलांचे बर्नर आणि जाळ्या आजही विकत मिळतात. झाकण आणि पेटी धडधाकट असेल, तर असे ग्रिल नव्या भागांवर पुन्हा उभे राहतात. बिननावाच्या स्वस्त ग्रिलला ही सोय क्वचितच मिळते.

गॅसचं म्हणाल, तर अमेरिकेतला नेहमीचा प्रोपेनचा सिलिंडर २० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९ किलो गॅसचा, आपल्याकडच्या १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा बराच लहान. तो जोडल्यावर सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का, हे दर मोसमाच्या सुरुवातीला पाहावंच. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी आधी इमारतीचे नियम वाचावेत, कारण अनेक ठिकाणी बाल्कनीत गॅस ग्रिलला मनाई असते.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला एवढंच विचारा: या मॉडेलचा बर्नर सुटा मिळतो का आणि केवढ्याला? उत्तर नीट मिळालं नाही, तर तो ग्रिल घेऊ नका.