झिलईपूर्वीची मेहनत

इस्पितळाच्या जिन्याचा कठडा असो वा वसतिगृहाच्या मुदपाकखान्यातील ओटा, स्टेनलेस स्टीलच्या कामाची पारख आपण चकाकीवरून करतो आणि त्याच हिशेबाने मजुरी ठरवतो. परंतु चकाकी हा त्या कामाचा अखेरचा व तुलनेने सुलभ भाग असून, खरे कौशल्य व बहुतांश वेळ त्याआधी चरे काढण्यात खर्ची पडतो, हे काम देणाऱ्याने ओळखले पाहिजे.

चकाकी आणणारे बफाचे कापडी चाक धातू फारसा कापीत नाही. खोल चऱ्यावरून ते फिरवले असता त्याच्या कडा तेवढ्या गोलावतात, तळ जागच्या जागी राहतो, आणि भोवतालचा पृष्ठभाग आरशासमान झाल्याने तो चरा पूर्वीपेक्षा अधिकच उठून दिसतो. यास्तव आजूबाजूचा धातू प्रथम चऱ्याच्या तळापर्यंत समतल उतरवावा लागतो. १२० नंबरच्या पॉलिशपेपराने आरंभ करून १८०, २४०, ३२०, ४०० असे क्रमाने जावे, प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा काटकोनात बदलावी, आणि मागच्या नंबराची शेवटची रेघ पुसली गेल्याखेरीज पुढचा नंबर हाती घेऊ नये, असा या कामाचा दंडक आहे. घाईने दाब वाढवावा तर हे पोलाद उष्णता मंदगतीने वाहून नेत असल्यामुळे एके ठिकाणी तापून पिवळे-निळे पडते व पातळ पत्रा वाकतो. साध्या लोखंडी तारेच्या घासणीने खरडावे तर तिचे कण रुतून गंजतात.

हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. किमान १०.५ टक्के क्रोमियममुळे या पोलादावर जे अतिसूक्ष्म रक्षक पटल धरते, ते स्वच्छ पृष्ठभागावरच निर्वेध टिकते. चऱ्यांत मीठ व अन्नकण साचून राहिले की गंजाला व जंतूंना आश्रय मिळतो. म्हणूनच खाद्यपदार्थांच्या यंत्रसामग्रीत अन्नाला स्पर्श करणाऱ्या पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा ०.८ मायक्रोमीटरच्या आत राखण्याचा प्रघात आहे.

खर्च वाढेल, हा मक्तेदाराचा आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु नगावर मोल मिळणारा कारागीर मधले नंबर वगळतो, तेव्हा ती कसूर त्याची नसून, त्या टप्प्यांचे मोल न देणाऱ्या दराची असते. स्लॅबच्या सळया काँक्रीट ओतण्यापूर्वी तपासण्याचा रिवाज आपल्या बांधकाम खात्यांत रूढ आहेच. त्याच न्यायाने सार्वजनिक कामांच्या निविदेत चरे काढण्याची स्वतंत्र बाब व स्वतंत्र दर असावा, बफ लावण्यापूर्वी तिरप्या प्रकाशात पृष्ठभागाची तपासणी होऊन तिची नोंद मोजमाप वहीत व्हावी, आणि घासताना उडणारी धातूची धूळ कारागिराच्या फुप्फुसांत जाऊ नये म्हणून मुखपट्टी व धूळ ओढून घेणारी यंत्रणा पुरवणे मक्तेदारावर बंधनकारक करावे. या तिन्ही अटींची पूर्तता झाल्यावाचून झिलईचे बिल मंजूर होता कामा नये.