मराठी फायनलची पत

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस, नातेपुते, वेळापूर या भागांतील जुन्या घराण्यांत 'ते फायनल झालेले होते' असा एखाद्या पूर्वजाचा उल्लेख होतो, तेव्हा त्यातील 'फायनल' म्हणजे मराठी सातवीच्या अखेरीस होणारी व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा असते. कागदोपत्री तिचे 'व्ह. फा.' असे लघुरूप लिहिले जाई आणि बोलताना 'मराठी फायनल' किंवा नुसते 'फायनल' म्हटले जाई. ही सातवी आजच्या सातवीसारखीच असावी असे समजून नातवंडे त्या पूर्वजाला अल्पशिक्षितांत जमा करतात, आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते. इयत्तेचा आकडा तोच असला तरी ती शाळेने आपल्याच मुलांची घेतलेली वार्षिक परीक्षा नव्हती. ती सरकारी परीक्षा होती, आणि तिच्या दाखल्यावर चाकरी मिळत असे.

या परीक्षेचे मूळ एकोणिसाव्या शतकातील मुलकी परीक्षेत सापडते. मुलकी म्हणजे फौजेहून वेगळा असा महसुली व दिवाणी कारभार, आणि त्या कारभारातील कनिष्ठ जागांसाठी पात्रता ठरवणारी म्हणून ती मुलकी परीक्षा. तिची किंमत लोकांना काय वाटत होती, हे धोंडो केशव कर्वे यांच्या आयुष्यातील एका प्रसंगावरून कळते. 1875 मध्ये सतरा वर्षांचे कर्वे ही परीक्षा देण्यासाठी कोकणातील मुरूडहून भर पावसाळ्यात सह्याद्रीचा घाट चढून पायी साताऱ्यास पोहोचले, पण अंगकाठी लहान असल्यामुळे ते वयाने कमी दिसतात या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. शंभर मैलांहून अधिक पायपीट ज्या परीक्षेसाठी करावी असे एका हुशार मुलाला वाटले, तिला 'प्राथमिक' म्हणून हिणवण्याचा अधिकार आजच्या पदवीधराला खचितच नाही.

फायनल उतरलेल्या मुलासमोर प्राथमिक शिक्षकाची, तलाठ्याची किंवा कारकुनाची नोकरी असे. त्यातही मास्तरकीचा मार्ग अधिक मळलेला होता. आधी फायनल, मग काही काळ शाळेत उमेदवारी, नंतर ट्रेनिंग कॉलेजातील शिक्षण, अशा पायऱ्या चढून माणूस 'ट्रेन्ड मास्तर' होई, आणि किती वर्षांचे ट्रेनिंग झाले यावर त्याचा पगार व मान दोन्ही ठरत. पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असणे, व्याजाचे हिशेब मांडता येणे आणि मोडी वाचता येणे, हे त्या शिक्षणाचे गाभ्याचे भाग होते. जमिनीचे खत वाचून घेण्यासाठी गावकरी मास्तरांकडे जात ते याच कारणाने. पुढे परीक्षेचे नाव बदलून प्राथमिक शाळा प्रमाणपत्र परीक्षा असे झाले, तरी लोकांच्या तोंडी 'फायनल' हेच नाव टिकले.

जुन्या चरित्रांत याहून अधिक चकवणारा उल्लेख 'इंग्रजी तिसरी' किंवा 'इंग्रजी पाचवी' असा असतो. त्या काळी मराठी चौथीनंतर शिक्षणाला दोन फाटे फुटत. मराठी शाळेतच राहिलेला मुलगा पाचवी, सहावी, सातवी करून फायनलला बसे, तर हायस्कुलात गेलेल्या मुलाची इयत्ता पुन्हा एकपासून, म्हणजे इंग्रजी पहिलीपासून, मोजली जाई आणि इंग्रजी सातवीच्या शेवटी मॅट्रिकची परीक्षा येई. त्यामुळे इंग्रजी तिसरी म्हणजे आजची सातवी, इंग्रजी पाचवी म्हणजे आजची नववी आणि इंग्रजी सातवी म्हणजे जुनी अकरावी, असा हिशेब चार मिळवून करावा लागतो. 'आजोबा इंग्रजी तिसरीपर्यंत शिकले' हे वाचून ते तिसरीत शाळा सोडलेले होते असा अर्थ काढणारे लेखक अगदीच दुर्मीळ नाहीत.

मॅट्रिक या शब्दाचाही असाच घोळ आहे. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 मध्ये झाली. ती मुळात विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती, शाळा पूर्ण केल्याचा दाखला नव्हे. 1907 मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराची सभा भरली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका परीक्षेसाठी सभा भरावी, एवढी तिची दुर्मिळता होती. 1949 मध्ये मुंबई प्रांतात मॅट्रिकच्या जागी मंडळाची एस. एस. सी. परीक्षा आली, पण तीही अकरावीच्या शेवटीच होत असल्यामुळे लोक तिला मॅट्रिकच म्हणत राहिले; आणि 1975 मध्ये एस. एस. सी. दहावीवर आली, तरीही जिभेवरचा शब्द बदलला नाही. परिणामी 'मॅट्रिक' या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या परीक्षा नांदतात, आणि 1960 साली 'अकरावी पास' झालेल्या माणसाची गणना आज कनिष्ठ महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर होते, जी साफ चुकीची आहे.

शाळांमधील जनरल रजिस्टरे, म्हणजे प्रवेशापासून दाखल्यापर्यंतच्या नोंदींची पुस्तके, कुणबी नोंदींच्या शोधामुळे 2023 पासून पुन्हा उघडली गेली. त्यांतील जातीचा आणि जन्मतारखेचा रकाना सगळे पाहतात. शिक्षणाच्या रकान्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. घराण्याचा इतिहास, गौरवग्रंथ किंवा साधी शोकसभेची पत्रिका लिहिणाऱ्यांनी तो रकाना जसाच्या तसा उतरवून घ्यावा, 'व्ह. फा.' असेल तर 'व्ह. फा.' असेच छापावे, शेजारी साल द्यावे आणि आजच्या इयत्तेत त्याचे रूपांतर करण्याचा मोह टाळावा.