बंपरला विमा, बसणाऱ्याला काय?

दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर मोटार घरी आणणे ही फलटणसारख्या गावात आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. थोडे उसाचे बिल, थोडा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा हातभार आणि उरलेले बँकेचे कर्ज, असा हिशेब जमतो. रंग कोणता घ्यायचा यावर घरात आठवडाभर चर्चा होते. विम्याच्या कागदावर मात्र शोरूममध्ये बोट दाखवतील तिथे सही होते. त्या कागदावर 'अ‍ॅड-ऑन' नावाखाली चार-पाच जादा संरक्षणे लिहिलेली असतात. त्यांचा अर्थ कळतो तो अपघात झाल्यावर. बँकेत कर्जाची प्रकरणे पाहण्यात माझी उमेद गेली. त्या अनुभवावरून वाटते की, हा कागद घरातल्या सर्वांनी एकदा एकत्र बसून वाचायला हवा.

आधी सक्ती कशाची आहे ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सक्ती आहे ती थर्ड पार्टी विम्याची, म्हणजे आपल्या गाडीमुळे तिऱ्हाइताचे जे नुकसान होईल त्याच्या भरपाईची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीबरोबर हा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कायद्याने ऐच्छिक आहे. कर्ज असेतोवर बँक तो घ्यायला लावते, एवढेच. दोन्ही भाग असलेली ती पूर्ण पॉलिसी. जादा संरक्षणे या ऐच्छिक भागालाच जोडता येतात.

त्यांतले सर्वांच्या तोंडी असलेले नाव 'झिरो डेप'. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर व बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. बारा हजारांचा बंपर बदलला तर सहा हजार आपल्या खिशातून जातात. झिरो डेप असेल तर ही कपात होत नाही. मात्र १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेमच्या वेळी एक हजार आणि त्यापुढच्या गाडीला दोन हजार रुपये मालकानेच सोसायचे असतात, ते सुटत नाहीत. शिवाय एक क्लेम केला की विनाक्लेम सवलत, जी वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती पुसली जाते. म्हणून बारीकसारीक ओरखड्यासाठी क्लेम करणे बहुधा तोट्याचेच ठरते.

दुसरे संरक्षण इंजिनाचे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा दारातल्या मोटारीही बुडाल्या. पुराचे नुकसान साध्या पॉलिसीत येते. पण पाण्यात उभ्या गाडीची किल्ली फिरवली आणि पाणी ओढून इंजिन निकामी झाले, तर तो खर्च सहसा नाकारला जातो. त्यासाठीच हे जादा संरक्षण असते. फलटण दुष्काळी तालुका, आम्हाला पुराचे काय, असे कोणी म्हणेल. त्याने मे २०२५ आठवावा. ऐन उन्हाळ्यात फलटण-बारामती भागात ओढे-नाले रस्त्यावर आले होते.

तिसरे 'रिटर्न टू इन्व्हॉइस'. हे मला कर्जदारांसाठी फार महत्त्वाचे वाटते. समजा गाडीची किंमत दहा लाख आणि कर्ज नऊ लाख, नऊ टक्क्यांनी, सात वर्षांचे. दोन वर्षे उलटून तिसरे चालू असताना विम्यातली गाडीची किंमत ३० टक्के घटून सात लाखांवर येते. त्या सुमारास कर्ज साधारण ६ लाख ८० हजार शिल्लक असते. गाडी चोरीला गेली किंवा पुरती मोडली, तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा. मालकाच्या हाती वीस हजार उरतात आणि दारात गाडी नसते. हे संरक्षण असेल तर खरेदीच्या पावतीइतकी रक्कम मिळते. ते साधारणपणे पहिल्या काही वर्षांपुरतेच देतात, आणि कर्जाचा बोजा नेमका तेव्हाच जास्त असतो.

इथवर सगळी चर्चा पत्र्याची झाली. गाडीत बसणाऱ्या माणसांचे काय? कर्ज फिटले, गाडी जुनी झाली, की 'आता नुसता थर्ड पार्टी ठेवू' असे आपण सहज म्हणतो. गळीत हंगामात रात्री बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर आदळलेल्या गाड्या या भागाने पाहिल्या आहेत. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर त्याच्या विम्यातून भरपाई मागता येते. पण चूक आपल्याच चालकाची ठरली तर? नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत गाडीत बसलेली बायको, आई, मुले येत नाहीत. पूर्ण पॉलिसीत येतात. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या बालकृष्णन खटल्यात स्पष्ट केला आहे.

आणखी एक फट आहे. मालकासाठीचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा हा आरसी बुकात ज्याचे नाव आहे आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे, त्याच्यापुरताच असतो. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर आणि चाक मुलाच्या हाती, हा सर्रास प्रकार. मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, तो तिऱ्हाईत नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका आहे. म्हणजे मुलाच्या स्वतःच्या चुकीने अपघात झाला, तर घरातल्या कमावत्या माणसाला ना हा विमा ना तो. त्याच्या नावाने स्वतंत्र अपघात पॉलिसी काढावी. प्रवाशांसाठीचे अपघात संरक्षण मुख्य पॉलिसीला जोडावे. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याची जबाबदारीही जोडून घ्यावी.

पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा : आधी माणसे, मग कर्ज, मग इंजिन आणि शेवटी बंपर. शोरूममध्ये हा क्रम बहुधा उलटा सांगतात. पुढच्या नूतनीकरणाआधी पॉलिसी काढून पाहा, आणि एजंटला एकच प्रश्न विचारा : ही गाडी जो रोज चालवतो, त्याचे नाव यात कुठे आहे?