काविळीची शिक्षा मुलीलाच का?



गावात काविळीची साथ आहे, शाळेच्या टाकीचे पाणी पिववत नाही, तेव्हा सातवीतील मुलीस महिनाभर घरीच ठेवले तर काय बिघडले, असा प्रश्न एका मातेने आम्हास केला. तिच्या काळजीस आम्ही हसणार नाही. ती रास्त आहे. परंतु तिचा मुलगा त्याच शाळेत, त्याच टाकीपाशी रोज जातो, हे तिने बोलता बोलता सांगितले आणि आम्हास हे लिहिणे भाग पडले. मुलगा-मुलगी हा भेद साथ करीत नाही. तो आपण करतो.

मुलगी घरी राहिली म्हणजे वाचली काय? घरच्या हंड्यातही पाणी त्याच विहिरीचे! शिवाय आजाऱ्यांची शुश्रूषा तिच्याच गळ्यात पडणार. ही कावीळ मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरते आणि दिसावयास दोन ते सहा आठवडे लागतात. आज पिवळे झालेले डोळे हे बहुधा महिन्यामागील पाण्याचे फळ असते. फडक्याने गाळून तिचे विषाणू जात नाहीत. पाणी खळखळून मिनिटभर तरी उकळलेच पाहिजे. आणि ती काविळीची माळ! बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, श्रेय मात्र माळ देणारा घेतो. गर्भवती स्त्रीस यातील एक प्रकार प्राणघातक ठरू शकतो; तिला माळेच्या भरवशावर न ठेवता तत्काळ दवाखान्यात न्या.

आता शाळेचे. सुरक्षित व पुरेसे पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वतंत्र शौचालय शाळेत असलेच पाहिजे, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, हेही त्याच कायद्यात आहे. तुमच्या गावी त्या समितीत कोण बसते? सरपंचांचे मेहुणे तर नव्हेत? टाकी केव्हा धुतली, टीसीएल पावडर कोण टाकतो, पाण्याचा नमुना तपासणीस केव्हा गेला, हे तेथे लेखी विचारा व पोच घ्या.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो बांधव प्याले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडासच त्यांनी स्त्रियांना बजावले की, मुलींनाही शिकवा. पाण्याचा हक्क आणि मुलींचे शिक्षण या दोन्ही गोष्टी एकाच गावी, एकाच वर्षी मागितल्या गेल्या. मग आपण एकीच्या अभावी दुसरी का सोडावी?

मुलगी स्वतः आजारी असेल तर तिला विश्रांती द्याच. ती धडधाकट असेल तर उद्या तिच्या दप्तरात उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली ठेवा, तिला भावाबरोबर शाळेत धाडा आणि मागोमाग अर्ज घेऊन स्वतः मुख्याध्यापकांकडे जा.