डायलिसिसवर असताना आई होता येतं? उत्तर तासांच्या हिशेबात आहे

किडनी निकामी झालेल्या महिलेला दिवस गेले, की पहिला प्रश्न येतो, ‘हे तिला झेपेल का?’ ही भीती उगाच नाही. पण डायलिसिसवर असताना झालेल्या यशस्वी बाळंतपणाची नोंद १९७१ मध्येच इटलीत झाली होती. त्यानंतर मोठा फरक पडला तो मशीनवर घालवलेल्या तासांमुळे.

कॅनडातलं टोरांटो आणि अमेरिका इथल्या अशा गर्भधारणांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. टोरांटोत आठवड्याला सरासरी ४३ तास डायलिसिस व्हायचं, अमेरिकेत १७. टोरांटोत सुमारे ८६ टक्के गर्भधारणांत जिवंत बाळ जन्मलं, अमेरिकेत ६१ टक्के. तिथली बाळंतपणं साधारण ३६ आठवड्यांनी झाली, अमेरिकेतली २७. म्हणजे एकीकडे जवळपास भरल्या दिवसांचं बाळ, तर दुसरीकडे काचेच्या पेटीत जगण्याची झुंज. अर्थात, टोरांटोतल्या गर्भधारणा जेमतेम २२ होत्या.

तासांनी असं काय होतं?

आईच्या रक्तातला युरिया वारेतून बाळापर्यंत पोचतो. बाळाच्या किडन्या धडधाकट असतात, त्यामुळे त्याला जास्त लघवी होते आणि गर्भजल वाढतं. ताणलेल्या गर्भाशयाला कळाही लवकर येतात. डायलिसिस जास्त वेळ आणि सावकाश केलं, तर युरिया कमी राहतो. शिवाय एका बैठकीत खूप पाणी काढावं लागत नाही, म्हणून बीपी एकदम कोसळत नाही.

अडचण अशी, की दिवस गेल्याचं कळतंच उशिरा. पाळी आधीच अनियमित, मळमळ आणि थकवा रोजचाच. रक्तातलं गर्भधारणेचं हार्मोन किडनीच्या आजारात एरवीही वाढलेलं असू शकतं. त्यामुळे सोनोग्राफीच लागते. तोवर एनालाप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या बाळाला घातक ठरणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालूच राहू शकतात.

भारतात हे जमेल का?

इथे बहुतेकांचं डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास होतं. ३६ तास गाठायचे तर अशा नऊ बैठका लागतील. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागलं. पण रोजचा प्रवास, बुडणारी मजुरी आणि मशीनसाठीची रांग तशीच आहे.

म्हणून अनेक डॉक्टर सुचवतात, आधी प्रत्यारोपण, मग किमान वर्षभर थांबून, औषधं बदलून गर्भधारणा. त्यासाठी किडनी मिळायला हवी. भारतात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत महिला जास्त आहेत, मिळणाऱ्यांत पुरुष.