६० जणांना ९५ च्या वर पर्सेंटाइल, मग क्लास चांगलाच ना? 'क्रिटिकल रीझनिंग'चा अवघड प्रश्न कसा सोडवायचा

प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की चौकाचौकांत क्लासचे फ्लेक्स लागतात. विद्यार्थ्यांचे फोटो, फोटोखाली पर्सेंटाइल आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत क्लासचं नाव. फ्लेक्स बघून पालक मनातल्या मनात जो निष्कर्ष काढतात, तसे निष्कर्ष तपासायला लावणारे प्रश्न एमबीए सीईटी, क्लॅट आणि जीमॅटमध्ये विचारले जातात. या प्रकाराला 'क्रिटिकल रीझनिंग' म्हणतात.

यात सूत्रं नाहीत, पाठांतर नाही. चार-पाच ओळींचा एक युक्तिवाद देतात आणि विचारतात, खालीलपैकी कोणत्या पर्यायामुळे तो सर्वांत जास्त कमकुवत होतो? वाचायला सोपं आहे. गणितात पक्की असलेली मुलंही इथे गुण घालवतात, कारण पाचपैकी दोन पर्याय बरोबर वाटतात आणि वेळ हातात नसतो. राज्याच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्नांसाठी १५० मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. जीमॅटच्या व्हर्बल विभागात २३ प्रश्नांना ४५ मिनिटं असतात. नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा पदवी प्रवेश ज्या क्लॅटमधून होतो, तिथे १२० प्रश्न, १२० मिनिटं आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.

आता एक प्रश्न घेऊ. क्लास काल्पनिक आहे, दावा मात्र ओळखीचा वाटेल.

प्रश्न

प्रताप नगर चौकातल्या एका क्लासचा फ्लेक्स म्हणतो: "गेल्या वर्षी आमच्याकडे नाव नोंदवलेल्या २४० पैकी ६० विद्यार्थ्यांना ९५ च्या वर पर्सेंटाइल मिळाले, म्हणजे २५ टक्के. संपूर्ण राज्यात हे प्रमाण फक्त ५ टक्के असतं. म्हणजेच आमच्याकडे नाव नोंदवल्याने विद्यार्थ्याची ९५ च्या वर जाण्याची शक्यता पाचपट होते."

हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत कशामुळे होतो?

अ) क्लासच्या १८० विद्यार्थ्यांना ९५ च्या वर पर्सेंटाइल मिळाले नाहीत.
ब) कोणताही क्लास न लावता ९५ च्या वर गेलेले विद्यार्थीही राज्यात आहेत.
क) हा क्लास प्रवेशाआधी चाचणी घेतो आणि राज्यातल्या वरच्या २० टक्क्यांत बसतील एवढे गुण मिळवणाऱ्यांनाच घेतो.
ड) त्या ६० पैकी ४५ जण वर्गात कधी बसलेच नव्हते. त्यांनी क्लासची फक्त सराव परीक्षांची मालिका घेतली होती.
इ) या क्लासची फी शहरातल्या इतर क्लासपेक्षा जास्त आहे.

आधी निष्कर्ष, मग पर्याय

पर्यायांकडे वळण्याआधी युक्तिवादाचे दोन तुकडे करायचे. दिलेली माहिती कोणती आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष कोणता? २४०, ६०, २५ टक्के, ५ टक्के ही माहिती. ती खरी आहे असंच धरायचं, आकड्यांवर शंका घेण्यात वेळ घालवायचा नाही. 'नाव नोंदवल्याने शक्यता पाचपट होते' हा निष्कर्ष. या दोन्हींमध्ये एक न सांगितलेली गोष्ट दडलेली आहे: क्लासमध्ये आलेली मुलं आणि राज्यातली सर्वसाधारण मुलं सुरुवातीला सारखीच होती. जो पर्याय इथे घाव घालेल तो खरा.

'इ' चा संबंध खिशाशी आहे, युक्तिवादाशी नाही. 'अ' वाचून दचकायला होतं, पण २४० मधून ६० वजा केले की १८०च उरतात. फ्लेक्सने हे आधीच मान्य केलं आहे, त्यात नवं काही नाही. 'ब' हा जास्त फसवा. क्लासशिवायही जमतं, मग दावा खोटा, असं वाटतं. पण क्लास न लावणाऱ्याला जमतच नाही, असं फ्लेक्सने म्हटलेलंच नाही. शक्यता वाढते एवढंच म्हटलं आहे.

उरले 'क' आणि 'ड'. इथेच बहुतेकांचे ४५ सेकंद संपतात.

'क' साठी कागदावर दोन ओळींचा हिशोब पुरतो. समजा राज्यात १,००० जणांनी परीक्षा दिली. ९५ च्या वर जाणारे ५०. वरचे २० टक्के म्हणजे २०० जण आणि ते ५० याच २०० मध्ये असणार. आता क्लासने या २०० मधूनच मुलं निवडली आणि वर्षभर एक अक्षरही शिकवलं नाही, तरी दर चौघांतला एक जण साधारणपणे ९५ च्या वर जाईल. म्हणजे २५ टक्के, फ्लेक्सवरचा आकडा जसाच्या तसा! पाचपटीचं सगळं श्रेय क्लासऐवजी गाळणीकडे जाऊ शकतं. यावरून क्लास वाईट ठरत नाही, हेही ध्यानात घ्यावं. तो उत्तम शिकवत असेलही, पण हा आकडा त्याचा पुरावा राहत नाही. 'कमकुवत करणे' म्हणजे 'खोटं पाडणे' नव्हे, आणि ही गल्लत अनेकांना नडते.

'ड' वाचून राग येतो, कारण त्यात लबाडीचा वास आहे. पण निष्कर्षातला शब्द बघा: 'नाव नोंदवल्याने'. सराव मालिका घेणाऱ्यांनीही नाव नोंदवलंच होतं आणि मालिकाही क्लासचीच. दावा तसाच उभा राहतो. उत्तर 'क'.

गंमत पुढे आहे. फ्लेक्सवर 'नाव नोंदवल्याने' ऐवजी 'वर्गात शिकल्याने' लिहिलं असतं तर? मग ६० पैकी ४५ जण वर्गात बसलेच नव्हते, हे कळताच दावा डळमळतो. 'क' चा घाव आहेच, त्यात 'ड' चीही भर पडली. दोन तुल्यबळ पर्याय असलेला असा प्रश्न खऱ्या परीक्षेत आला असता तर हरकतींचा पाऊस पडला असता.

असे प्रश्न कोर्टात जातात

१ डिसेंबर २०२४ ला झालेल्या क्लॅट-२०२५ च्या पदवी परीक्षेत उत्तरसूचीवरून वाद झाला. तो दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. ७ मे २०२५ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने निकाल दिला. पर्यावरण रक्षणाच्या कर्तव्यावरच्या ५६ व्या प्रश्नात दोन पर्यायांना गुण द्यावे लागले, काही प्रश्न थेट वगळले गेले. प्रश्न ज्या बेफिकिरीने काढले गेले, त्यावर न्यायालयाने नाराजी व्यक्त केली. दरम्यान हजारो मुलांचा प्रवेश काही महिने लटकला होता. एकेका गुणावर विद्यापीठ बदलतं, तिथे एक ढिला शब्द किती महाग पडतो हे यातून दिसतं.

आणि फ्लेक्सचं काय?

आपल्या प्रश्नातला 'ड' पर्याय हवेतून आलेला नाही. यूपीएससीच्या यशस्वी उमेदवारांचे फोटो छापणाऱ्या अनेक संस्थांकडे त्यांपैकी बरेच जण फक्त मुलाखतीच्या तयारीपुरते गेले होते आणि जाहिरातीत ते लपवलं होतं, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला चौकशीत आढळलं. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. तोवर ४५ नोटिसा गेल्या होत्या आणि १८ संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजार रुपयांचा दंड झाला होता.

आता यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती लागते. त्याने कोणता कोर्स केला, तो किती काळाचा होता आणि त्यासाठी पैसे घेतले होते का, हेही फोटोसोबत सांगावं लागतं. शंभर टक्के निवडीची हमी देता येत नाही.

म्हणजे फ्लेक्सवरच्या 'ड' चा बंदोबस्त नियमांनी केला. 'क' मात्र कोर्सच्या नावातून कळत नाही. प्रवेशाआधी चाचणी होती का, कितींना परत पाठवलं आणि २४० हा आकडा गाळणीनंतरचा आहे का, हे फी भरण्याआधी क्लासच्या काउंटरवर पालकांनाच विचारावं लागतं.