फुकटचं वाय-फाय, मागचं घरकाम

नव्या वस्तूचं कौतुक घरात सगळ्यांनाच असतं. मिक्सर आला की पहिल्या दिवशी प्रत्येकाला बटण दाबायचं असतं. सहा महिन्यांनी त्याचं भांडं गळायला लागलं, की दुकानात खेटे घालायला मात्र एकटी बाईच! शहरांच्या संसारातही हेच चालतं. उद्‌घाटनाला गर्दी आणि डागडुजीला कुणी नाही.

आपल्या नागपूरच्या ‘सेफ अँड स्मार्ट सिटी’ योजनेचंच बघा. २०१६ साली हे काम लार्सन अँड टुब्रोकडे सोपवलं गेलं. शहरभर १२०० किलोमीटर ऑप्टिकल फायबरचं जाळं, ३८०० कॅमेरे आणि १३६ ठिकाणी वाय-फाय, असा तो आराखडा. आकडे मोठे आहेत. पण माझ्यासारखीला प्रश्न पडतो तो साधाच. यातली एखादी जागा उद्या बंद पडली, तर ते आधी कुणाला कळणार? आणि कळवायचं कुणाला?

कारण खांबावर डबा लावला की काम संपत नाही. त्याला चोवीस तास वीज लागते, खालून आलेली केबल शाबूत लागते. आपल्याकडे तर रस्ता सिमेंटचा करायचा म्हणून आज खोदतात, उद्या पाइपलाइनसाठी पुन्हा खोदतात. एक कुदळ चुकीची पडली की अख्खा चौक गप्प! शिवाय उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तो त्या डब्यालाही सोसावा लागतोच. त्याचा पल्लाही काही मीटरांचाच. मध्ये भिंत आली की तोही कमी.

आता कुणी म्हणेल, डेटा इतका स्वस्त झालाय, कशाला हवं फुकटचं? बरोबर आहे. गुगलनेही २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू केलेली रेल्वे स्टेशनांवरची सेवा ४०० हून अधिक स्टेशनांपर्यंत नेली आणि २०२० मध्ये, डेटा स्वस्त झाला म्हणत, त्यातून अंग काढलं. पण ती सेवा रेलटेलने पुढे चालवली, हे विसरू नका. सांभाळणारा ठरलेला असला की गोष्ट टिकते, ती अशी.

आणि स्वस्त कुणासाठी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बाया होत्या शंभरात ३८ आणि पुरुष साडेएकसष्ट. घरात फोन एक असला, तर तो आधी कुणाच्या खिशात जातो, हे काय सांगायला हवं? आमच्या ओळखीतल्या एक धुणीभांडी करणाऱ्या ताई म्हणाल्या, “पोरगी फॉर्म भरून राहिली होती, अन् पॅकच संपला. शेवटची तारीख होती ना बाई.” अशा घराला चौकातलं वाय-फाय म्हणजे उन्हाळ्यातली पाणपोई. पण माठ कोरडा असला तर पाणपोई काय कामाची?

म्हणून मागणं फार नाही. प्रत्येक जागी ठळक पाटी हवी, तिच्यावर तक्रारीचा नंबर हवा. कुठली जागा चालू, कुठली बंद, हे दर महिन्याला जाहीर व्हावं. देखभालीचा पैसा वेगळा काढून ठेवावा. आणि जागा निवडताना बायकांनाही विचारा हो! पानठेल्याशेजारच्या अंधाऱ्या खांबाखाली कोणती मुलगी उभी राहील? अंगणवाडी, वाचनालय, दवाखाना, बसस्थानक... जिथे बसायला बाक आहे, दिवा आहे, तिथे द्या.

एक आपल्यासाठीही. अशा उघड्या नेटवर बँकेचे व्यवहार नकोत आणि ओटीपी कुणालाही सांगू नका.

पुढच्या वेळी लोकप्रतिनिधी दारात आले, की नळ-गटाराच्या यादीत हेही एक घाला. ‘नवीन काय देणार’ हे ते सांगतीलच. आपण विचारायचं, जुनं चालू आहे का?